गावाचं पाणी शहराला देताना : कोकणपट्टीतल्या उन्हाळी पाणीकराराची टप्प्याटप्प्याने पद्धत

कोकणात पाण्याचे करार बहुतेक वेळा मार्चअखेरीस, घाईत आणि उलट्या क्रमाने होतात. नगरपंचायतीचा पुरवठा दिवसाआड झालेला असतो. वरच्या अंगाच्या एखाद्या गावात अजून पाट वाहतोय असं कुणाच्या तरी कानावर येतं. बैठक बसते आणि पहिलाच प्रश्न निघतो, ‘लिटरमागे किती देणार?’ दर ठरतो, नारळ फुटतो, आणि मे उजाडेपर्यंत खालच्या वाडीच्या विहिरी आटून भांडण तहसील कचेरीत पोचतं.

ही पद्धत दोन पक्षांसाठी आहे. एका बाजूला गाव, म्हणजे पाणी वापर संस्था, पाटाचे हिस्सेदार किंवा बागायतदारांचा गट. दुसऱ्या बाजूला जवळचं शहर. दोघांनी एका हंगामापुरतं पाणी मोबदला देऊन-घेऊन वाटायचं, एवढाच विषय. तुम्ही विकता ते वापरायचं थांबवलेलं पाणी, आणि तेसुद्धा शहराला हवं त्या महिन्यात हाताशी असलं तरच. हे एक पक्कं धरलं की खालचे टप्पे आपोआप लागतात.

## आधी वेळापत्रक

या उन्हाळ्यात मोजाल तर पुढच्या उन्हाळ्यात द्याल. यापेक्षा लवकर होणारा करार अंदाजावर उभा असतो.

- मार्च ते मे : पाटाचं आणि व्हाळाचं (ओढ्याचं) मोजमाप, विहिरींच्या नोंदी.
- गणपती : हिस्सेदारांच्या सह्या. मुंबईची मंडळी एकत्र सापडतात ती तेव्हाच.
- १५ ऑक्टोबर : धरणातला साठा. पिण्यासाठी किती राखायचं, रब्बी-उन्हाळी पाळ्या किती द्यायच्या, हे सरकारी पातळीवर याच साठ्यावरून ठरतं.
- नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा : करारावर सह्या आणि पहिला हप्ता. पुढच्याच दिवसांत वायंगणाचा, म्हणजे उन्हाळी भाताचा, तरवा (रोपवाटिका) पडतो. एकदा रोप टाकलं की शेतकरी मागे फिरत नाही, आणि त्याने फिरूही नये.
- १ मार्च : पाणी घ्यायचं की नाही, हे शहराने लेखी कळवणं.

## टप्पा १ : पाणी नेमकं कुणाचं, ते कागदावर पाहा

‘आमच्या गावचं पाणी’ हे बोलायला ठीक आहे. करारात तीन वेगळे प्रकार आहेत आणि प्रत्येकाचे दरवाजे वेगळे आहेत.

धरणाचं किंवा कालव्याचं पाणी. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ मध्ये पाण्याचा हक्क ही कल्पना आहे. हक्क म्हणजे मालकी नव्हे, वापरण्याचा अधिकार. हक्कधारकाने आपला हक्क वार्षिक किंवा हंगामी तत्त्वावर दुसऱ्याला देण्याचे निकष ठरवण्याचं काम याच कायद्याच्या कलम ११ ने प्राधिकरणाकडे दिलं आहे. कायमची विक्री यात बसत नाही. हा हक्क व्यवहारात हातात असतो तो बहुधा पाणी वापर संस्थेच्या, जी सिंचन पद्धतींच्या शेतकरी व्यवस्थापनाच्या २००५ च्याच कायद्याखाली उभी राहते आणि घनमीटरने मोजून पाणी घेते. तुमची संस्था नसेल आणि प्रत्येक जण नमुना ७ चा अर्ज भरून पाणी घेत असेल, तर तुमच्याकडे आहे ती फक्त तेवढ्या पिकाला तेवढ्या पाळ्यांची मंजुरी. ती दुसऱ्याला विकता येत नाही. मग आधी संस्था, नंतर करार.

व्हाळाचं, नदीचं, पाटाचं पाणी. जमीन महसूल संहितेप्रमाणे वाहतं पाणी सरकारचं. पाटावर पिढीजात पाळी असली तरी ती वापराची वहिवाट आहे. इथे गावाने शहराला पाणी विकलं असं न लिहिता, हिस्सेदारांनी वापर थांबवला आणि त्याची भरपाई शहराने दिली, असं लिहावं. उपशाची परवानगी शहराने संबंधित विभागाकडून स्वतःच्या नावाने घ्यायची.

खासगी विहीर. स्वतःच्या जमिनीतलं पाणी काढण्याचा अधिकार आहे, पण त्याला २००९ च्या भूजल कायद्याची चौकट आहे आणि टंचाईत प्रशासन विहीर अधिग्रहित करू शकतं. किनाऱ्यालगत याशिवाय खाऱ्या पाण्याचा प्रश्न येतो. तो टप्पा ५ मध्ये.

तलाव कोणाच्या ताब्यात आहे हेही आताच विचारा. लहान पाझर तलाव बहुधा जिल्हा परिषदेकडे, मधला मृद व जलसंधारणकडे, मोठा जलसंपदाकडे असतो. चुकीच्या कचेरीत दिलेला अर्ज तीन महिन्यांनी ‘आमच्या अखत्यारीत नाही’ असा शेरा घेऊन परत येतो, आणि तोवर तरवा पडलेला असतो.

> तपासा : पाण्याचा प्रकार, ताबा असलेला विभाग आणि तुमच्या हक्काचा कागद, या तिन्हीपुढे काहीतरी लिहिता येतंय का? एकही जागा रिकामी असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २ : मोजा, आणि दोघांनी मिळून मोजा

पाट ‘भरून’ वाहतो, ‘अर्धा’ वाहतो, हे माप नाही. पत्र्याला किंवा फळीला काटकोनात खाच कापून ती पाटात आडवी, पाणसळ लावून बसवा. कडेने आणि खालून शाडू किंवा सिमेंटने बंद करा, सगळं पाणी खाचेतूनच पडलं पाहिजे. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मोजायची, पण खाचेवर नाही. खाचेच्या तोंडाशी पाणी वाकतं, म्हणून मोजपट्टी वरच्या अंगाला, पाण्याच्या उंचीच्या किमान चौपट अंतरावर रोवा. पट्टीचा शून्य खाचेच्या टोकाच्या पातळीला असावा.

मग आकडे असे येतात :

- ५ सेंमी : सेकंदाला सुमारे पाऊण लिटर, दिवसाला साधारण ६६,००० लिटर
- १० सेंमी : सेकंदाला ४.४ लिटर, दिवसाला सुमारे ३ लाख ७७ हजार लिटर
- १५ सेंमी : सेकंदाला १२ लिटर, दिवसाला सुमारे १० लाख ४० हजार लिटर

पट्टीवर पाणी १० वरून ५ वर आलं की ‘निम्मं झालं’ असं सगळे म्हणतात. प्रत्यक्षात ते सहाव्या हिश्शाच्या आसपास येतं. करारातली निम्मी भांडणं या एका गैरसमजातून उठतात, म्हणून वरचा तक्ता वहीच्या पहिल्याच पानावर चिकटवा.

धार अगदीच बारीक असेल तर खाच नको. वीस लिटरचा डबा किती सेकंदांत भरतो ते तीनदा बघा आणि सरासरी घ्या.

खाच दोन ठिकाणी हवी : पाट सुरू होतो तिथे, आणि गाव संपून व्हाळ पुढे जातो तिथे. वरच्या खाचेवर गाव किती घेतं ते कळतं, खालच्या खाचेवर गाव किती परत सोडतं ते. बहुतेक जण फक्त वरची बसवतात. रोज एकाच वेळी, सकाळी पंप सुरू होण्याआधी वाचन घ्या. आठवड्यातून एकदा नगरपंचायतीचा माणूस सोबत असू दे आणि त्याची सही घ्या. त्याच वहीत वाडीवाडीतल्या चार-पाच विहिरींची पातळी काठापासून दोरी सोडून लिहा.

> इशारा : नुसत्या फेब्रुवारीच्या मोजमापावर करार करू नका. कोकणातला व्हाळ फेब्रुवारीत गोड बोलतो आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात तोंड फिरवतो. मेचं वाचन हेच तुमचं खरं भांडवल.

## टप्पा ३ : किती पाणी खरंच वाचतं

हिशोब फसतो तो इथे. समजा ४ हेक्टर वायंगण आहे. पाटातून रोज शेतावर सरासरी १२ मिलिमीटर पाणी पडतं. एक हेक्टरवर एक मिलिमीटर म्हणजे १०,००० लिटर. म्हणजे ४ हेक्टरला दिवसाला ४ लाख ८० हजार लिटर, खाचेवर सुमारे ११ सेंमी. वायंगण बंद केलं तर एवढं पाणी शहराला देता येईल, असं सरळ गणित मांडलं जातं.

ते चूक आहे. भाताने आणि उन्हाने उडून जाणारं पाणी दिवसाला साधारण ५ मिलिमीटर धरा, म्हणजे २ लाख लिटर. उरलेले २ लाख ८० हजार लिटर बांधातून, जमिनीतून झिरपून पुन्हा व्हाळाला येतात, खालच्या वाडीच्या विहिरीला लागतात, कुणाच्या पोफळीच्या (सुपारीच्या) मुळाला मिळतात. तेही पाइपात घातलंत तर तुम्ही शेजाऱ्याचं पाणी विकलंत. त्याला कुणी बैठकीला बोलावलेलंही नसतं.

देता येण्याजोगा आकडा म्हणून २ लाख लिटर, ४ लाख ८० हजार नव्हे.

यावर एक सोपी युक्ती आहे आणि ती क्वचितच वापरली जाते : उपसा गावाच्या खालच्या अंगाला घ्या. शहराची जॅकवेल (पंपाने पाणी उचलायची विहीर) पाटाच्या तोंडाशी असली तर झिरपणारं पाणी कुणाचं, हा वाद कायमचा. ती खालच्या खाचेच्या पुढे असली तर गावाच्या विहिरी, शेतं, बागा यांना झिरपा मिळून जे उरतं तेच शहर उचलतं. पंपाला उंची जास्त लागेल, विजेचं बिल वाढेल. ते शहराने सोसावं, कज्ज्यापेक्षा स्वस्त पडतं. व्हाळ पुढे लगेच खाडीला मिळत असेल तर बंधाऱ्याखाली थोडी धार सुटत राहिली पाहिजे, नाहीतर भरतीचं पाणी वर सरकतं आणि खारभूमीतल्या शेताला लागतं.

माड-पोफळीच्या बागांचा हिशोब वेगळा. पाटाने आळी भरताना पोफळीला दिवसाला सरासरी ४०–५० लिटर जातात, ठिबकवर १६ ते २० लिटरमध्ये भागतं. फरक मोठा दिसतो, पण त्यातलाही बराच भाग खाली झिरपणारच होता. ठिबकची बचत कागदावर धरू नका. ठिबक बसवून एक उन्हाळा जाऊ दे, खालच्या खाचेवर खरंच वाढ दिसली तर तेवढीच द्या.

> इशारा : पोफळीला जगायला लागणारं पाणी कधीही करारात घालू नका. भात एक वर्ष नाही लावलं तर पुढच्या वर्षी लागतं. वाळलेली पोफळ पुन्हा लावून फळावर यायला पाच-सहा वर्षं जातात.

## टप्पा ४ : वाचलेलं पाणी थांबतं कुठे?

ऑस्ट्रेलियातल्या मरे-डार्लिंग खोऱ्यात पाण्याची खरेदी-विक्री चालते, कारण मोठ्या धरणांत पाणी थांबतं. एकाने आज न वापरलेलं पाणी दुसऱ्याला महिन्यांनी मिळू शकतं. कोकणातल्या नद्या आखूड आणि उताराच्या आहेत. तुम्ही जानेवारीत पाट बंद केला तर वाचलेलं पाणी काही तासांत खाडीत जातं. शहराला ते एप्रिल-मेमध्ये हवं असतं.

म्हणून आधी ठरवा, तुमचं गाव कोणत्या प्रकारचं :

वर तलाव किंवा धरण आहे. मग वायंगण थांबवण्याला अर्थ आहे. वरच्याच उदाहरणात दिवसाला २ लाख लिटर, ९० दिवस, म्हणजे १८,००० घनमीटर धरणात मागे राहतात. मेपर्यंत त्यातला काही भाग उडतो, काही झिरपतो. एक तृतीयांश गेलं असं धरा, हाती १२,००० घनमीटर. शहराला ६० दिवस रोज २ लाख लिटर. मालवण शहराला धामापूरच्या तलावातून पाणी जातं आणि त्याच तलावाखाली शेतीही आहे. अशा जागी हा हिशोब सरळ मांडता येतो, कारण साठा डोळ्यांसमोर असतो.

फक्त व्हाळ आहे. मग वायंगण थांबवून शहराला मेमध्ये काही मिळत नाही, कारण भात एप्रिलमध्ये कापून झालेलंच असतं. इथे उपयोग फक्त मेपर्यंत शिंपल्या जाणाऱ्या बागांच्या बचतीचा. हे न बघता व्हाळावरच्या गावाला वायंगण सोडायला लावणं म्हणजे शेतकऱ्याचंही गेलं आणि शहरालाही नाही.

‘बंधारा घालू, पाणी अडेल’ हे उत्तर लगेच येतं. आकडा बघा. व्हाळात २०० मीटर लांब, १५ मीटर रुंद, सरासरी १ मीटर खोल पाणी अडलं तर ३० लाख लिटर. उन्हाने रोज ५ मिलिमीटर उडालं तर दिवसाला १५,००० लिटर, ६० दिवसांत ९ लाख. जांभ्याच्या भेगांतून जाणारं वेगळं. उरलेल्या २१ लाखांत, रोज २ लाख प्रमाणे, शहराची दहा दिवसांची सोय होते. वनराई बंधारे (मातीच्या पोत्यांचे कच्चे बांध) जरूर घाला, आजूबाजूच्या विहिरींना त्याचा फायदा होतो. पण त्यांच्या भरवशावर शहराशी करार करू नका.

> तपासा : साठा गृहीत धरला असेल तर १५ ऑक्टोबरची पातळी आणि त्या साठ्यावर आधीच असलेली आरक्षणं, दोन्ही लेखी घ्या. तुमच्या ‘बचतीवर’ दुसऱ्या कुणाचं आरक्षण निघू शकतं.

## टप्पा ५ : विहिरीचं पाणी द्यायचं असेल तर

किनाऱ्यापासून चार-पाच किलोमीटरच्या आत हा टप्पा वगळू नका. जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीपेक्षा गोड्या पाण्याची पातळी जितकी वर, त्याच्या सुमारे ४० पट खोलीपर्यंत खारं पाणी खाली दाबलेलं असतं. उलटं धरलं तर पंपाने पातळी एक मीटर उतरवली की खालचं खारं पाणी ४० मीटर वर यायला मोकळं होतं. लगेच येत नाही, म्हणूनच माणूस फसतो. मार्च-एप्रिल टँकर भरले, मेमध्ये चहा मचूळ लागायला लागला, तोवर उशीर झालेला असतो आणि एका पावसाने तो दोष धुऊन निघेलच असं नाही.

म्हणून :

१. करारापूर्वी प्रयोगशाळेत पाणी तपासा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची हवीशी मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर २,०००. क्लोराइडसाठी हेच आकडे २५० आणि १,०००.

२. खिशात मावणारा क्षारमापक घ्या आणि रोज उपशाच्या शेवटी वाचन लिहा. आकडा मर्यादेत आहे की नाही यापेक्षा तो चढतोय की नाही ते बघा. सलग आठवडाभर चढता असेल तर उपसा निम्म्यावर आणा. तरी चढला तर बंद.

३. मोठा पंप दोन तास चालवण्यापेक्षा लहान पंप आठ तास चालवा. काढलेलं पाणी तेवढंच, पण पातळी एकदम खाली जात नाही.

४. एकाच विहिरीवर करार नको. चार विहिरींत वाटा.

सार्वजनिक पिण्याच्या विहिरीच्या आसपास नवी विहीर किंवा बोअर मारून तिचं पाणी विकायचा बेत असेल तर तो सोडा. ५०० मीटरच्या आत कायद्याची बंधनं आहेत, आणि ती नसती तरी गावाच्या नळातलं पाणीच तुम्ही दुसऱ्या भोकातून काढत असता.

## टप्पा ६ : सह्या कुणाच्या

सातबाऱ्यावर वीस नावं, त्यातली बारा मुंबईत, दोन हयात नाहीत, आणि शेत कसतो तो एकविसावा. कोकणातला हा नेहमीचा नमुना. यात एकाची सही घेऊन करार केला तर पहिला हप्ता बँकेत पडायच्या आत बाकीचे जागे होतात.

गणपतीत वाडीची बैठक लावा, आरतीनंतर जमलेल्या लोकांत विषय मांडा आणि दुसऱ्या दिवशी कागदावर सह्या घ्या. जे येत नाहीत त्यांच्याकडून संमतीपत्र मागवा. पैसे कुणाला जाणार ते तिथेच लिहा. माझं मत स्पष्ट आहे : जो वायंगण कसतो त्याला पीक गेल्याची भरपाई, आणि जमीनमालकाला काही द्यायचं असलंच तर वेगळ्या ओळीत, वेगळी रक्कम. दोन्ही एकत्र केलंत की कसणाऱ्याच्या हातात काही पडत नाही.

लावणी-कापणीला येणाऱ्या मजुरांचाही रोजगार बुडतो. ते ना सातबाऱ्यावर असतात ना पाटाच्या यादीत. त्यांची नावं आणि अंदाजे दिवस याच वेळी लिहून घ्या, पुढे दरात लागतील.

मग ग्रामसभा. ठरावात तीन गोष्टी असाव्यात : किती पाणी, कोणत्या महिन्यांत, आणि गावाच्या पिण्याचं पाणी सगळ्यांत आधी. दर ग्रामसभेत ठरवायला बसू नका, त्यासाठी पाच जणांची समिती नेमा आणि त्यात खालच्या वाडीचा एक माणूस घ्याच. शहराच्या बाजूने मुख्याधिकाऱ्याचं पत्र पुरत नाही. नगरपंचायतीच्या सर्वसाधारण सभेचा ठराव आणि अंदाजपत्रकात तरतूद, दोन्हींच्या प्रती मागा. ‘टंचाईच्या निधीतून देऊ’ या शब्दावर नोव्हेंबरात शेत पडीक ठेवू नका.

पालघरकडे सूर्या प्रकल्पाचं पाणी वसई-विरार, मीरा-भाईंदरकडे नेण्यावरून शेतकऱ्यांना रस्त्यावर उतरावं लागलं. ज्यांच्या शेताचं पाणी जाणार ते निर्णयाच्या टेबलावर नसले की गोष्ट तिथवर जाते, मग योजना कितीही गरजेची असो.

## टप्पा ७ : दर

आता दर. खालचा आकडा आणि वरचा आकडा काढा, बोलणी त्यांच्यामध्ये.

खालचा आकडा, म्हणजे यापेक्षा कमी घेतलं तर गावाचं नुकसान : वायंगणाचं निव्वळ उत्पन्न, पेंढ्याची किंमत (ही हमखास विसरली जाते आणि मग जूनमध्ये गुरांसाठी पेंढा विकत आणावा लागतो), मजुरांचा बुडालेला रोजगार, पाटाची साफसफाई आणि मोजणाऱ्याचा पगार. समजा हे सगळं मिळून ४ हेक्टरला २ लाख ४० हजार रुपये झालं. भागिले १२,००० घनमीटर, म्हणजे हजार लिटरला २० रुपये. हे आकडे फक्त रीत कळावी म्हणून, तुमचे तुम्ही भरा. भागाकार हाती येणाऱ्या पाण्याने करा, धरणात वाचलेल्या १८,००० ने नव्हे. तिथे चुकलात तर दर १३ रुपयांवर येतो आणि तूट गावाच्या माथी.

वरचा आकडा : शहराला तेवढंच पाणी टँकरने आणायला येणारा खर्च. १२,००० घनमीटर म्हणजे १०,००० लिटरच्या १,२०० फेऱ्या. त्यातून शहराने करायचा पंपाचा, पाइपचा आणि शुद्धीकरणाचा खर्च वजा करा.

शहराने आपल्या बाजूचा एक आकडा आधी तपासावा. रोज २ लाख लिटर घेतले आणि पाइपांतून वीस टक्के गळालं तर घरात पोचतात १ लाख ६० हजार. माणशी ७० लिटरने ते सुमारे २,३०० लोकांना पुरतात. गळती जास्त असेल तर आधी तीच बुजवावी. गावाने हा प्रश्न बैठकीत खुशाल विचारावा.

पैसे दोन हप्त्यांत घ्या. नोव्हेंबरातला पहिला हप्ता शेत पडीक ठेवल्याबद्दल, शहराने पुढे पाणी उचललं नाही तरी परत न करण्याचा. दुसरा, मीटरवर जेवढं गेलं तेवढ्याचा. कॅलिफोर्नियात पालो व्हर्डेच्या शेतकऱ्यांशी तिथल्या महानगर पाणी संस्थेने ३५ वर्षांचा करार केला, त्यातही सुरुवातीची रक्कम आणि दरवर्षीची रक्कम वेगळी होती, शिवाय शेती थांबल्याने ज्यांचा धंदा बसतो त्या गावकऱ्यांसाठी निधी वेगळा. आपल्याकडे पस्तीस वर्षांचा विचार करू नका. एक हंगाम पुरे.

## टप्पा ८ : करारपत्रात काय हवं

वकिलाकडून लिहून घ्या, पण पुढच्या गोष्टी तुम्ही सांगा, कारण त्या नमुन्यात नसतात.

पाणी ठराविक लिटरमध्ये बांधून देऊ नका, हिश्शात द्या. ‘रोज २ लाख लिटर’ असं लिहिलं आणि पाऊस लवकर गेला तर तूट सगळी गावावर येते. ‘खालच्या खाचेवरून जाणाऱ्या पाण्याचा अमुक हिस्सा, जास्तीत जास्त २ लाख लिटर’ असं लिहा.

बंदची रेघ लिहा. व्हाळावरच्या गावात खालच्या वाडीची नळपाणी योजना खालच्या खाचेच्या पुढे, शहराच्या उपशाखाली असेल तर हिशोब असा : १,२०० वस्तीला माणशी ५५ लिटरने रोज ६६,००० लिटर लागतात, म्हणजे पट्टीवर ५ सेंमी. गुरं आणि उन्हाचा कडाका धरून रेघ ७ वर ठेवा. पाणी ७ सेंमीला आलं की शहराचा पंप बंद, कुणाला विचारायचं नाही. पट्टीवर तिथे लाल रंग मारा. वाचन मात्र पंप बंद असताना घ्या.

बाकी थोडक्यात : मीटर कोणी बसवायचा आणि बिघडला तर मधल्या दिवसांचं माप कसं धरायचं. वीजबिल कोणाचं. पाइप दुसऱ्याच्या जमिनीतून जात असेल तर त्याची लेखी संमती, नाही मिळाली तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४९ खाली तहसीलदारांकडे अर्ज. वाद झाल्यास आधी कोण बसणार. आणि हंगाम संपल्यावर ‘पाणी आमच्याकडे वळलेलंच होतं’ असा दावा शहराने करायचा नाही, हे वाक्य स्वतंत्र कलमात.

> तपासा : करारपत्र खालच्या वाडीतल्या एखाद्या माणसाला वाचायला द्या. त्याला बंदची रेघ कुठे आहे ते सापडलं नाही तर मसुदा परत पाठवा.

## टप्पा ९ : चालू हंगामात

मोजणारा माणूस गावाचा, पगार करारातून, वही दोन प्रतींत. रोजचं वाचन वाडीच्या आणि नगरपंचायतीच्या गटावर फोटोसकट टाका. फोटोत पट्टी आणि पाण्याची रेघ दोन्ही दिसली पाहिजेत, नुसता आकडा लिहून चालणार नाही.

दर आठवड्याला विहिरींची पातळी मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी ताडून बघा. एखादी विहीर एकदम हातभर जास्त उतरली तर कारण सापडेपर्यंत उपसा निम्म्यावर. कारण कदाचित शहराचा पंप नसेलही, शेजाऱ्याने नवा बोअर मारला असेल. पण आधी कमी करायचं, मग शोधायचं.

पाट बंद असलेल्या शेतात कोण गुपचूप पाणी घेतंय का, यावर गावानेच नजर ठेवायची. मोबदलाही घ्यायचा आणि रात्री पाटही फोडायचा, असं एकाने केलं की शहर दुसरा हप्ता अडवतं आणि तो सगळ्यांचा अडतो. समितीने दंड आधीच ठरवून ठेवावा आणि तो त्या माणसाच्या हिश्शातून कापावा.

पाऊस सुरू झाल्यावर, जूनच्या पहिल्या जोरदार सरींनंतर, मीटरचं शेवटचं वाचन दोघांच्या सहीने घ्या आणि पंधरा दिवसांत दुसऱ्या हप्त्याची मागणी लेखी द्या. जुलैत नांगर, आवण (भाताची रोपं), लावणी यांत कुणाला सवड नसते, आणि राहिलेली मागणी मग थेट गणपतीत आठवते. खाच आणि पट्टी पुराआधी उपटून ग्रामपंचायतीत ठेवा. बसवलेल्या जागेवर दोन्ही काठांना दगडावर खूण कोरा, म्हणजे पुढच्या मार्चला ती त्याच जागी, त्याच पातळीला बसेल.